पेट्री नेटची फाइल उघडते, पण उत्तर चुकतं: प्रोम, पीएमफोरपाय आणि वोपेड यांच्यातली नेहमीची अडचण

गाळप हंगाम सुरू झाला की लातूर, धाराशिव, परभणीकडच्या अभियांत्रिकीच्या पोरांचे मेसेज सुरू होतात, आणि अडचण बहुतेक वेळा एकच असते. कारखान्याच्या ऊस यार्डातला डेटा, म्हणजे कुठलं काम कधी झालं त्या नोंदींचा लॉग, हाती आलेला असतो. पीएमफोरपाय या पायथॉन लायब्ररीने त्यातून पेट्री नेट, म्हणजे गोल, चौकोन आणि बाणांनी दाखवलेलं प्रक्रियेचं जाळं, काढून दिलेलं असतं. गाईडनी सांगितलेलं असतं की वोपेड या एडिटरमध्ये नीट आखून घे आणि प्रोम या प्रोसेस मायनिंगच्या (नोंदींवरून प्रक्रिया शोधायच्या, तपासायच्या) साधनात तपासून दाखव. जाळ्याची पीएनएमएल फाइल तिन्हीकडे उघडते, लाल अक्षरांत कुठे काही येत नाही. पण एकीकडे फिटनेस, म्हणजे लॉग मॉडेलमध्ये किती बसतो त्याचा शून्य ते एक असा आकडा, एकच्या जवळ, दुसरीकडे पार घसरलेला आणि तिसरीकडे सगळे चौकोन-गोल एकावर एक चढलेले. मग विचारणा येते, "सर, फाइल करप्ट झाली का?"

करप्ट नसते. असती तर बरं, निदान उघडलीच नसती. इथे गोची अशी की फाइलचा सांगाडा नीट जातो आणि त्यातला अर्थ वाटेत सांडतो.

पीएनएमएल हे पेट्री नेटसाठीचं एक्सएमएल. त्याचं प्रमाण आयएसओ/आयईसी १५९०९ च्या दुसऱ्या भागात आहे, २०११ चं. जागा (गोल), ट्रान्झिशन (चौकोन, म्हणजे एक काम), आर्क (त्यांना जोडणारा बाण), नाव, सुरुवातीची टोकनं (जागेतले ठिपके), आर्कचं वजन (एका वेळी किती टोकनं जातात), पान आणि चित्रातली ठिकाणं एवढं त्यात ठरलेलं आहे. पण प्रोसेस मायनिंगला ज्या दोन गोष्टींवाचून चालत नाही, त्या साध्या जाळ्याच्या त्या प्रमाणात नाहीत: प्रक्रिया संपली कधी म्हणायची, म्हणजे अंतिम मार्किंग (शेवटी कुठल्या जागेत किती टोकनं), आणि लॉगमध्ये न दिसणारं ट्रान्झिशन, म्हणजे सायलेंट. प्रोमवाल्यांनी या दोन्हींची सोय आपल्या परीने केली, पीएमफोरपायने तीच उचलली. बाकीच्या साधनांना त्याचं काही देणंघेणं नाही. खासगी माहितीसाठी प्रमाणाने 'टूलस्पेसिफिक' नावाचा टॅग ठेवलाय. सातबाऱ्यावरच्या 'इतर हक्क' रकान्यासारखा तो आहे: वरवर पाहणारा मालकाचं नाव आणि क्षेत्र बघून कागद खाली ठेवतो, आणि बोजा नेमका त्या रकान्यात लिहिलेला असतो.

पुढचं सगळं एकाच छोट्या जाळ्यावर सांगतो. उसाचा ट्रॅक्टर दोन ट्रॉल्या घेऊन येतो. गेटवर नोंद, मग भरलेल्या गाडीचं वजन. काही खेपांना पाचट तपासणी होते, काहींना होत नाही. मग दोन्ही ट्रॉल्या गव्हाणीत एकामागून एक खाली होतात, रिकाम्या गाडीचं वजन होतं आणि शेतकऱ्याला पावती मिळते. एक खेप म्हणजे एक केस. तपासणी टाळायची वाट म्हणजे सायलेंट ट्रान्झिशन. एका ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या, म्हणून गव्हाणीपुढच्या जागेत दोन टोकनं टाकणारा आर्क, आणि रिकामं वजन करताना दोन उचलणारा आर्क. बैलगाडी नि ट्रक तूर्त बाजूला ठेवू. फाइल बिघडवू शकणाऱ्या बहुतेक गोष्टी या एवढ्याशा जाळ्यात आहेत.

आधी फाइल साध्या एडिटरमध्ये उघडा

हे कुणी करत नाही. पोरं तेच ते इम्पोर्टचं बटण दाबत राहतात. नोटपॅड प्लस प्लस किंवा व्हीएस कोडमध्ये फाइल उघडली की निम्मा उलगडा तिथेच होतो. वरून खाली वाचत या. पहिल्या ओळीत एन्कोडिंग काय लिहिलंय? नेटचा टाइप काय आहे? नेटच्या आत पेज नावाचा टॅग आहे, की जागा थेट नेटखाली आहेत? नावं आणि टोकनं टेक्स्ट टॅगमध्ये आहेत की व्हॅल्यू टॅगमध्ये? शेवटी फायनल-मार्किंग्जचा टॅग आहे का? टूलस्पेसिफिकमध्ये कुठल्या साधनाचं नाव आहे? फाइल कुणाच्या हातून आली आणि पुढे काय हरवणार, हे एवढ्यावरून सांगता येतं.

पेजचंच बघा. प्रमाणाप्रमाणे जागा, ट्रान्झिशन, आर्क हे पानाच्या आत हवेत. प्रमाण येण्याआधीची साधनं, आणि आजही वोपेड, त्यांना थेट नेटखाली ठेवतात. दोन्ही प्रकार वाचणारी साधनं आहेत, एकच वाचणारीही आहेत. एकच वाचणाऱ्यात चुकीची फाइल गेली तर ते साधन न कुरकुरता रिकामं जाळं दाखवते. रिकामा पडदा दिसला की पहिला संशय पेजवर घ्या. हाताने पेजचा टॅग घालायचा किंवा काढायचा, बस.

टाइपचं दुखणं वेगळं. प्रोम आणि पीएमफोरपाय दोघंही नेटच्या टाइपमध्ये पीएनएमएल-कोअर-मॉडेल असं लिहितात, आणि आत सुरुवातीची टोकनंही ठेवतात. कोअर मॉडेलमध्ये टोकनांची व्याख्याच नाही, ती पीटी-नेट या टाइपमध्ये येते. प्रोसेस मायनिंगची साधनं इकडे काणाडोळा करतात. पण फाइल काटेकोर व्हॅलिडेटरमधून गेली, किंवा मॉडेल चेकिंगच्या साधनाकडे गेली, की ती नाकारली जाऊ शकते. टाइपच्या पत्त्यातला शेवटचा शब्द बदलून पीटी-नेट करा आणि मुळाच्या पीएनएमएल टॅगला २००९ च्या व्याकरणाचं नेमस्पेस द्या.

आयडीकडेही त्याच बैठकीत नजर टाका. एक्सएमएलच्या नियमाने आयडीची सुरुवात आकड्याने होत नाही, त्यात मोकळी जागा चालत नाही, आणि एकच आयडी फाइलीत दोनदा येत नाही. अल्फा मायनर या पद्धतीने काढलेल्या जाळ्यातल्या जागांना पीएमफोरपाय कंस आणि अवतरणचिन्हं असलेली लांबलचक नावं देतं, आणि फाइल लिहिताना तीच आयडी होतात. प्रोमला ते खपतं, काटेकोर साधनाला नाही. निर्यात करण्याआधी जागांना पी१, पी२ अशी साधी रोमन नावं देणारी चार ओळींची स्क्रिप्ट ठेवा. दिसणारं नाव मराठीत राहू द्या, आयडी मात्र रोमन.

फिटनेस घसरला, किंवा अलाइनमेंट चालतच नाही

अलाइनमेंट म्हणजे लॉगमधली प्रत्येक खेप कमीत कमी फरकाने मॉडेलवर बसवून पाहणं. सगळ्यात जास्त वेळ खाणारी तक्रार ही, आणि तिची मुळं दोन. दोन्ही तपासल्याशिवाय डेटाला दोष देऊ नका.

पहिलं मूळ अंतिम मार्किंग. वोपेडसारख्या एडिटरमधून आलेल्या फाइलीत ते नसतं, कारण प्रमाणात नाही. पीएमफोरपायचा वाचक तीन गोष्टी परत देतो: जाळं, सुरुवातीचं मार्किंग, अंतिम मार्किंग. तिसरं रिकामं आलं तर त्याचा अर्थ असा होतो की खेप संपताना जाळ्यात एकही टोकन उरायला नको. पण आपल्या जाळ्यात 'खेप संपली' या जागेतलं टोकन उचलणारं कुणी नाही, म्हणजे ती अवस्था कधी येणारच नाही. मग अलाइनमेंट 'जाळं इझी साउंड नाही', म्हणजे शेवटापर्यंत पोहोचायची वाटच नाही, अशी तक्रार करून थांबते. पोरं यावरून मॉडेलच चुकलं असं समजून पुन्हा मायनिंग करायला बसतात. टोकन रिप्ले, म्हणजे लॉगमधली कामं क्रमाने जाळ्यावर चालवून टोकनं मोजणं, वापरत असाल तर तो थांबतही नाही. तो मुकाट्याने प्रत्येक खेपेत एक टोकन उरलं असं मोजतो आणि फिटनेस कापतो. थांबणारी चूक परवडली, ही नाही.

उपाय सोपा. जाळं वाचून झालं की तिसरी वस्तू छापून बघा. रिकामी असेल तर शेवटच्या जागेत एक टोकन असलेलं मार्किंग स्वतः तयार करा. वाचताना अंतिम मार्किंगचा अंदाज घ्यायचा पर्यायही पीएमफोरपायमध्ये आहे. बाहेर जाणारा आर्क नसलेली एकच जागा असेल तर तो ठीक. पण मॉडेलला दोन शेवट असतील, समजा पावती मिळून संपलेली खेप आणि गेटवरूनच परत पाठवलेली खेप, तर अंदाजावर सोडू नका. दोन वेगळी अंतिम मार्किंग हवी असताना दोन्ही जागांत एकदम टोकन मागितलं गेलं तर एकही खेप बसणार नाही.

प्रोममध्ये हीच गोष्ट इम्पोर्ट करतानाच ठरते. पीएनएमएल फाइल ओढून टाकली की ती कशी वाचायची ते विचारलं जातं: साधं पेट्री नेट की ॲक्सेप्टिंग पेट्री नेट. पोरं यादीतलं पहिलं निवडतात. ॲक्सेप्टिंग घ्या. सुरुवात आणि शेवट दोन्ही मार्किंग जाळ्यासोबत बांधलेली राहतात. साधं घेतलं तर रिप्लेच्या वेळी अंतिम मार्किंग सापडत नाही, तयार करू का, असं प्रोम विचारतो. तेव्हा घाईत 'नाही' दाबणारेही मी पाहिलेत.

दुसरं मूळ सायलेंट. इंडक्टिव्ह मायनर ही जाळं काढायची दुसरी पद्धत जाळ्यात अशी बरीच ट्रान्झिशनं घालते आणि पीएमफोरपाय त्यांना आतून स्किप, टाऊ-स्प्लिट, टाऊ-जॉइन अशी नावं देतं. त्यांचं लेबल मात्र रिकामं असतं, आणि रिकामं लेबल म्हणजेच सायलेंट. पीएनएमएलमध्ये लिहिताना नावाच्या जागी ते आतलं नाव जातं, आणि टूलस्पेसिफिकमध्ये प्रोमच्या नावाने ॲक्टिव्हिटी या गुणात दोन डॉलर चिन्हांमध्ये 'इन्व्हिजिबल' असं लिहिलं जातं. प्रोम ते वाचतो, पीएमफोरपायही वाचतं. तिसऱ्या साधनाला तिथे फक्त 'स्किप ३' नावाचं एक काम दिसतं, जणू कारखान्यात कुणी माणूस स्किप नावाचं काम करतोय. त्या साधनाने फाइल जतन करताना परका टूलस्पेसिफिक टाकून दिला, तर परत आलेल्या फाइलीत ते काम खरंच दिसणारं होऊन बसतं.

आता अलाइनमेंट काय करणार? पाचट तपासणी न झालेल्या प्रत्येक खेपेत 'स्किप ३' घडायला हवं होतं, लॉगमध्ये ते नाही, म्हणून प्रत्येक वेळी दंड. पीएमफोरपायच्या नेहमीच्या हिशोबात सायलेंट चालीचा खर्च १ आहे आणि दिसणाऱ्या, पण लॉगमध्ये नसलेल्या चालीचा १०,०००. ज्या हंगामात तपासणी कमी झाली त्या हंगामाचा फिटनेस आणखी खाली जाणार. आणि अहवालात "तपासणी टाळल्यामुळे प्रक्रिया बिघडते" असा निष्कर्ष लिहिला जाणार, ज्याला फाइलीतल्या एका हरवलेल्या टॅगपलीकडे कसलाच आधार नाही. कारखान्याच्या चीफ केमिस्टपुढे हे वाचून दाखवायची वेळ येऊ देऊ नका.

म्हणून बाहेरच्या एडिटरमधून आलेली फाइल पीएमफोरपायमध्ये वाचली की सगळ्या ट्रान्झिशनांची लेबलं छापा. स्किप किंवा टाऊने सुरू होणारं एकही लेबल दिसता कामा नये. दिसलं तर त्या ट्रान्झिशनचं लेबल रिकामं करा आणि फाइल पुन्हा लिहा. त्यासाठी आधीपासून एक पथ्य पाळा: एडिटरमध्ये सायलेंटची ती विचित्र नावं सुंदर करत बसू नका. 'तपासणी टाळली' असं छान मराठी नाव दिलंत की ते खऱ्या कामांच्या गर्दीत मिसळतं आणि मग शोधायला काही खूण राहत नाही.

नाव तेच दिसतं, तरी जुळत नाही

लॉगमध्ये 'शेतकऱ्याला पावती', मॉडेलमध्येही 'शेतकऱ्याला पावती'. डोळ्यांना एकच. पण साधन म्हणतं की मॉडेलमधलं हे काम लॉगमध्ये कधी घडलंच नाही, आणि लॉगमधलं हे काम मॉडेलला माहीत नाही.

मराठीत नावं ठेवणाऱ्यांच्याच वाट्याला येणारी ही अडचण आहे, इंग्रजी मदतीत ती सापडणार नाही. 'ऱ्या' हे अक्षर कॉम्प्युटरमध्ये तीन तऱ्हांनी साठवलेलं असू शकतं. एक, युनिकोड ०९३१ चा अख्खा ऱ, हलन्त आणि या. दोन, साधा र, त्याला नुक्ता ०९३क, मग हलन्त आणि या. इथे शेवटचं 'क' रोमन सी समजा. तीन, साधा र, हलन्त, मग न दिसणारा झिरो-विड्थ-जॉइनर २००ड, इथे रोमन डी, आणि या. पडद्यावर तिन्ही सारखेच उमटतात. यार्डातल्या सॉफ्टवेअरचा कीबोर्ड एक वापरतो, तुमच्या मोबाइलचा दुसरा. लेबलं बाइट बाय बाइट तोलली जातात, म्हणून जुळत नाहीत.

पायथॉनच्या युनिकोडडेटा मॉड्यूलने एनएफसी नॉर्मलायझेशन केलं की पहिली दोन रूपं एक होतात. तिसरं होत नाही, कारण युनिकोडच्या लेखी ते निराळंच आहे. त्यासाठी र, हलन्त आणि जॉइनर हा क्रम शोधून त्याजागी ऱ आणि हलन्त ठेवणारी एक ओळ वेगळी लिहावी लागते. हा बदल लॉग आणि मॉडेल दोन्हींवर चालवा. त्यातच मागच्यापुढच्या मोकळ्या जागा छाटा आणि मधली दुहेरी जागा एकेरी करा. एक्सएमएल नीटनेटकं मांडणारी काही साधनं टेक्स्ट टॅगच्या आत नवी ओळ घालतात, तीही लेबलाचाच भाग होऊन बसते.

नावांच्याच घरातला दुसरा घोळ 'प्लस कम्प्लीट'चा. प्रोममध्ये लॉगचा क्लासिफायर (काम कशावरून ओळखायचं तो नियम) नाव आणि लाइफसायकल (काम सुरू झालं की संपलं) असा जोडीचा असेल, तर काढलेल्या जाळ्यात प्रत्येक नावापुढे अधिक चिन्ह आणि कम्प्लीट लागतं. एक्सईएस लॉग, म्हणजे आयईईई १८४९ चं प्रमाण, ही दोन्ही माहिती वेगवेगळी ठेवतं. पीएमफोरपाय सहसा नुसतं नाव घेतं. परिणाम एकही लेबल न जुळण्यात. हा घोळ लगेच ओळखू येतो: थोडं चुकत नाही, सगळंच चुकतं. शेपूट कापा, किंवा प्रोममध्ये नुसत्या नावाचा क्लासिफायर घेऊन जाळं परत काढा. रिप्लेआधी प्रोम ट्रान्झिशन आणि लॉगमधल्या कामांची जोडणी दाखवतो. तो पडदा घाईने पुढे ढकलू नका, न जुळलेली नावं तिथे समोरच पडलेली असतात.

अक्षरांची खिचडी

मराठी नावं असलेली फाइल प्रोममधून बाहेर काढली आणि उघडल्यावर सगळीकडे प्रश्नचिन्हं, किंवा डोक्यावर रेघ असलेल्या रोमन ए-ची आणि त्यामागे चलनाच्या गोल चिन्हाची रांग. हे दोन वेगळे आजार आहेत आणि दोघांना एकच औषध लागू पडत नाही.

प्रोमच्या पीएनएमएल फाइलीची पहिली ओळ एन्कोडिंग आयएसओ-८८५९-१ असल्याचं सांगते. प्रत्यक्षात अक्षरं मात्र जावाच्या त्या मशीनवरच्या नेहमीच्या एन्कोडिंगमध्ये लिहिली जातात. लिनक्सवर ते बहुधा यूटीएफ-८. म्हणजे आत बाइट बरोबर आहेत, पाटी चुकीची आहे. वाचणारा पाटीवर विश्वास ठेवतो आणि ए-ची रांग दिसते. इथे पहिल्या ओळीत यूटीएफ-८ लिहा, नावं जशीच्या तशी परत येतील. विंडोजवर जुन्या जावाचं नेहमीचं एन्कोडिंग पश्चिमी अक्षरांचं असतं, त्यात देवनागरीला जागाच नाही, म्हणून प्रत्येक अक्षराच्या जागी प्रश्नचिन्ह लिहिलं जातं. ती नावं फाइलीत उरलेली नसतात, पाटी बदलून काही होणार नाही. प्रोम सुरू करणाऱ्या फाइलीत जावाला फाइल-एन्कोडिंग यूटीएफ-८ असा पर्याय देऊन निर्यात पुन्हा करा.

विंडोजवर पायथॉनने फाइल मजकूर म्हणून उघडणाऱ्यांनाही हाच काटा टोचतो. उघडताना एन्कोडिंग यूटीएफ-८ असं स्पष्ट लिहा. चारमॅप अशा नावाची एरर आली की कारण तेच.

माझं स्वतःचं मत विचाराल तर जाळ्यात लेबलं छोटी रोमन ठेवावीत आणि मराठी नावांची यादी वेगळ्या फाइलीत. अहवालातलं चित्र काढताना ती यादी जोडायची. हे काहींना आवडत नाही, मराठीत काम करायचंय तर आतही मराठीच हवं म्हणतात. हरकत नाही, पण मग वरची नॉर्मलायझेशनची ओळ विसरायची नाही.

दोन ट्रॉल्यांची एक कशी होते

आर्कचं वजन प्रमाणात इन्स्क्रिप्शन टॅगच्या आत टेक्स्ट टॅगमध्ये लिहायचं असतं. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजमध्ये जन्मलेलं पाइप हे साधन मात्र व्हॅल्यू टॅग वापरतं, आणि त्याच्या पुढच्या आवृत्त्या त्यात 'डिफॉल्ट, २' असं लिहितात, कारण तिथे टोकनांना रंग असतात. टोकनं आणि नावंही व्हॅल्यूमध्येच. पीएमफोरपाय टेक्स्ट शोधतं, सापडत नाही, म्हणून वजन एक धरतं, सुरुवातीची टोकनं शून्य धरतं. शिकवायला पाइप आपल्याकडच्या बऱ्याच प्रयोगशाळांत अजून आहे, म्हणून हे वारंवार होतं.

सुरुवातीचं टोकन गेलं तर लगेच कळतं, जाळं हलतच नाही. वजन गेलेलं कळत नाही. दोन्ही आर्कांचं वजन एक झालं की एक ट्रॉली गव्हाणीत खाली झाली तरी रिकामं वजन होऊन पावती मिळते. उलट दोन्ही ट्रॉल्या नीट खाली केलेली खेप दोषी ठरते. टोकनं टाकणाऱ्या आर्कचंच वजन उरलं आणि दुसऱ्याचं गेलं तर दर खेपेला एक टोकन मागे राहतं. उलट झालं तर जाळं तिथेच अडकतं. सांगाडा मात्र तिन्ही वेळा हुबेहूब तोच. चित्र बघून हे सापडणार नाही.

दुरुस्ती म्हणजे व्हॅल्यूचा टेक्स्ट करणं आणि 'डिफॉल्ट' हा शब्द स्वल्पविरामासकट काढणं. एडिटरमधल्या 'शोधा आणि बदला'ने होतं, पण आर्कच्या प्रकाराचा टॅगही व्हॅल्यू नावाचा गुण वापरतो, त्याला हात लावू नका. त्या प्रकारात इन्हिबिटर लिहिलेलं असेल तर थांबा. इन्हिबिटर आणि रीसेट आर्क साध्या जाळ्यात नाहीत. अशा विस्तारांसाठी प्रमाणाचा तिसरा भाग २०२१ मध्ये आला, पण जुन्या साधनांच्या कोडला त्याची खबर नाही. न ओळखणारं साधन इन्हिबिटरला साधा आर्क समजतं आणि अर्थ नेमका उलटा होतो. जिथे टोकन नसावं तिथे ते मागितलं जातं.

प्रोसेस मायनिंगसाठी जाळं नेणार असाल तर वजनाचे आर्क टाळलेलेच बरे. दोनच ट्रॉल्या आहेत, दोन समांतर वाटा काढा. चित्र थोडं पसरतं, पण कुठल्याही साधनात अर्थ टिकतो.

वोपेडचे खास नखरे

वोपेडमध्ये एक्सओआर-स्प्लिट (अनेक वाटांतली एकच निवडायचा टप्पा) हा एकच चौकोन दिसतो. फाइलीत तो तेवढ्या ट्रान्झिशनांत फोडून ठेवलेला असतो, सगळ्यांचं नाव एकच, आयडीच्या शेवटी ओपी आणि क्रमांक. वोपेड आपल्या टूलस्पेसिफिकवरून ती परत एकत्र करून दाखवतं. प्रोममध्ये 'तपासणी ठरवा' नावाची दोन कामं दिसली तर घाबरू नका, गणित बरोबर आहे. पण त्यातलं एक फालतू म्हणून पुसू नका, एक वाट बंद होईल.

आणि उलट दिशेने, पीएमफोरपायची फाइल वोपेडमध्ये उघडल्यावर डाव्या कोपऱ्यात एकच डबा दिसतो तेव्हा जाळं गेलेलं नसतं. चित्रातली ठिकाणं सगळ्यांना शून्य-शून्य दिलेली असतात. ऑटो लेआउट करा. यावर जास्त बोलण्यासारखं काही नाही.

सीपीएन टूल्स या रंगीत पेट्री नेटच्या साधनाची फाइलही एक्सएमएलच, पण तिचं घराणं वेगळं. एक्स्टेन्शन बदलून ती पीएनएमएल होत नाही. टीना हे पेट्री नेट तपासायचं साधन वापरणाऱ्यांना त्यातल्या एनडीआरआयओ या छोट्या साधनाने नेट, एनडीआर आणि पीएनएमएल यांच्यात अदलाबदल करता येते. अनेक पानांवर पसरलेलं जाळं असेल, आणि पानं रेफरन्स प्लेसने (दुसऱ्या पानावरच्या जागेकडे बोट दाखवणाऱ्या जागेने) जोडलेली असतील, तर मायनिंगच्या साधनात नेण्याआधी ते एका पानावर सपाट करा. नाही तर दोन तुकडे सुटे पडतात.

पोहोचलं की नाही हे कसं ठरवायचं

जागा, ट्रान्झिशन आणि आर्क यांची मोजणी दोन्हीकडे सारखी आली म्हणून खूश होऊ नका. वरच्यापैकी निम्म्या गोष्टी मोजणीत दिसत नाहीत. त्याऐवजी हाताने तीन खेपांचा एक छोटा लॉग लिहा. पहिलीत पाचट तपासणी झालेली, दोन्ही ट्रॉल्या खाली. दुसरीत तपासणी नाही, बाकी तसंच. तिसरीत एकच ट्रॉली खाली करून पावती. ज्या साधनात फाइल नेली तिथे हा लॉग चालवा. पहिल्या दोन्ही पूर्ण बसल्या पाहिजेत, तिसरी बसता कामा नये. फक्त दुसरी पडली तर सायलेंट गेलं. तिसरी बसली तर वजन गेलं. तिन्ही पडल्या आणि दर वेळी एक टोकन जास्तीचं उरलं, तर आधी अंतिम मार्किंग बघा, मग टोकनं उचलणाऱ्या आर्कचं वजन. तिन्हींमध्ये एकाच कामावर खटका बसत असेल तर नाव. एकही काम जुळत नसेल तर प्लस कम्प्लीट.

मूळ जाळं इंडक्टिव्ह मायनरचं असेल तर पीएनएमएलसोबत प्रोसेस ट्रीही, म्हणजे ज्या झाडासारख्या मांडणीतून ते जाळं बनतं तीही, पीटीएमएल फाइलीत जतन करा. तिथून जाळं केव्हाही नव्याने निघतं, सायलेंट आणि अंतिम मार्किंगसकट. आणि कारखान्यात फक्त चित्र दाखवायचं असेल तर पेट्री नेट नेऊच नका. पीएमफोरपायमधून त्याचं बीपीएमएन, म्हणजे साधं प्रक्रियाचित्र, करून न्या. शेतकी अधिकाऱ्याला गोलातल्या काळ्या ठिपक्यांशी काही घेणं नसतं.

एवढं करूनही अडलं आणि मदत मागायची असेल, तर मोबाइलने काढलेला पडद्याचा फोटो पाठवू नका. त्यावरून यातलं एकही कारण ओळखता येत नाही. पीएनएमएल फाइल झिप करून पाठवा, दोन्ही साधनांच्या आवृत्त्या लिहा आणि सोबत तो तीन खेपांचा लॉग जोडा. खरा लॉग नको. त्यात गाड्यांचे नंबर, शेतकऱ्यांची नावं आणि टनेज असतं.